प्रिंटरमधून पत्रा कसा जातो?

लालबागला आमची दहा बाय बाराची एक खोली आहे. टेबलावर घरगुती वापराचा रंगीत प्रिंटर, त्याच्या शेजारी हीट प्रेस, म्हणजे तापलेल्या पाटीने दाबणारं यंत्र, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले ॲल्युमिनियमचे पांढरे, चंदेरी, सोनेरी पत्रे. दाराच्या पाट्या, मंडळाचे बिल्ले, शाळांच्या ट्रॉफीवर लागणाऱ्या पट्ट्या हा आमचा माल. पहिल्यांदा आलेला माणूस एकदा प्रिंटरकडे बघतो, एकदा पत्र्याकडे बघतो, आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो. परवा मावशीनेही तोच विचारला. तिची चाळ पाडून टॉवर झाला, ताबा मिळाला, आता नव्या दाराला पाटी हवी म्हणून आली होती.

"एवढा पत्रा ह्या प्रिंटरमधून जातो कसा रे? अडकत नाही?"

जातच नाही, हे ऐकून तिचा जरा हिरमोड झाला. आमच्याकडच्या प्रिंटरमध्ये कागद मागून शिरतो आणि रोलरवरून वळून पुढे येतो. तिथे पत्रा घातला तर पहिला बळी रोलरचा आणि दुसरा शाई उडवणाऱ्या हेडाचा. काही प्रिंटरना सीडी छापायचा सपाट ट्रे असतो. त्यातून प्लॅस्टिकची ओळखपत्रं छापतात, गल्लीबोळातली झेरॉक्सची दुकानं त्यावरच चालली आहेत. पण त्या कार्डावर शाई पिणारा थर असतो, टिपकागदासारखा. पत्र्याचं तसं नाही. आमच्याकडे प्रिंटर छापतो तो साध्या दिसणाऱ्या कागदावर, तोही उलटा. त्या कागदावरचा रंग पुढे पत्र्यात जातो तो हीट प्रेसमध्ये. हे 'पत्र्यात' म्हणतोय ते मुद्दाम. 'पत्र्यावर' म्हटलं की अर्धी समजूत चुकते.

घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं घ्या आणि त्यावर शाईचा थेंब टाका. थेंब गोल होऊन बसेल, वाळला तरी ओल्या बोटाने पुसून निघेल. कागदाला तंतू असतात, तंतूंमध्ये फटी असतात, शाई तिथे शिरते. धातूला अशी जागाच नाही. म्हणून कारखान्यातच पत्र्याला पॉलिएस्टरचा पातळ लेप देऊन तो भाजून पक्का करतात. बाजारात ह्याला ब्लँक म्हणतात. नाव कोरा असलं तरी हा पत्रा कोरा नसतो, आणि आमचं सगळं काम त्या न दिसणाऱ्या लेपाशी असतं. ॲल्युमिनियम फक्त पाठीला आधार देतं.

पॉलिएस्टर म्हटल्यावर कापड आठवलं असेल तर बरोबर आठवलं. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्या दोघा रसायनतज्ज्ञांनी हा धागा बनवला आणि त्याचं नाव टेरिलीन पडलं. आपल्याकडच्या आधीच्या पिढीच्या टेरिकॉटच्या पँटींमधला 'टेरि' तो हाच, सुताबरोबर विणलेला. ह्या धाग्याची एक पंचाईत होती. सुताला रंगवणारे रंग पाण्यात विरघळतात आणि ओल्या सुतात शिरतात. पॉलिएस्टर पाण्याला जवळ करत नाही. पावसात भिजलेला टेरिकॉट पटकन वाळायचा त्याचं कारण तेच, आणि त्याच कारणाने साधा रंग त्याच्यावर चढत नव्हता. मग कामाला आले १९२०च्या दशकात ॲसिटेट रेयॉनसाठी शोधलेले डिस्पर्स रंग. हे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, पण त्यांचे रेणू लहान असतात, आणि धागा चांगला तापवला की त्याच्या आत शिरतात. कापडाच्या कारखान्यात त्यासाठी बंद भांड्यात दाबाखाली १३० अंशांपर्यंत पाणी तापवतात.

आमच्या प्रिंटरच्या शाईतही हेच डिस्पर्स रंग असतात, म्हणजे आमचा हा पत्र्याचा धंदा मुळात रंगाऱ्याचा आहे. गंमत अशी की आम्ही बसतो गिरणगावात. १८५०च्या दशकापासून इथे सुती कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि आमच्या प्रिंटरमधली शाई सुताच्या काही कामाची नाही. सुती टी-शर्टवर ह्या रंगाने छापून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी येतं. छापून दिला तर दोन धुण्यांत भूत उरेल, असं सांगून परत पाठवतो.

आता हे डिस्पर्स रंग कागदावरून पत्र्याच्या लेपात जातात कसे? इथे देव्हाऱ्यातला कापूर आठवा. डबीचं झाकण सैल राहिलं तर वड्या बारीक होत जातात, पण डबीत पाण्याचा थेंब सापडत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तसंच. घन पदार्थ मध्ये द्रव न होता थेट वायू होतो. शाळेच्या विज्ञानात ह्याला संप्लवन म्हणायचे, इंग्रजीत सब्लिमेशन. बशीत नवसागर तापवायचा, वर उलटं नरसाळं ठेवायचं आणि त्याच्या आतल्या भिंतीवर पांढरा थर जमायचा, तो प्रयोग. आमच्या रंगाचं संप्लवन व्हायला मात्र १८० ते २०० अंश सेल्सिअसची धग लागते. खोलीच्या तापमानाला तो कागदावर गुमान पडून असतो.

हीट प्रेसमध्ये कागद आणि पत्रा तोंडाला तोंड लावून दाबले जातात. वरची तापलेली पाटी कागदाला धग देते, कागदावरच्या रंगाची वाफ होते. तिला पळून जायला वाव नसतो, कारण समोर पत्र्याचा लेप टेकलेला आहे. त्याच वेळी तो लेपही तापलेला असतो. थंड पॉलिएस्टरच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. ऐंशी अंशांच्या आसपास त्यांची पकड सुटायला लागते आणि दोनशेला त्या चांगल्याच सैल होतात. लोकलमध्ये दादरला दार मोकळं झालं की फलाटावरचे जसे आत घुसतात तसे रंगाचे रेणू त्या फटींमधून आत जातात. मग प्रेस उघडतो, पत्रा निवतो, साखळ्या पुन्हा आवळल्या जातात, आणि आत गेलेला रंग आतच राहतो.

मराठीत ह्या क्रियेला नेमका शब्द आहे, मुरणं. रंग पत्र्याच्या लेपात मुरतो. नखाने खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, काही निघत नाही, कारण वर काही बसलेलंच नाही. हात फिरवला तर अक्षराची कड लागत नाही. स्टिकर चिकटवलेल्या पाटीवर नख नेलं की कड लगेच कळते. गिऱ्हाईकाला पटवायला मी तेवढंच करतो, त्याचा हात धरून पाटीवर फिरवतो.

मुरण्याची ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. लेप नसलेल्या पत्र्यावर काहीच होणार नाही, कितीही तापवा. रंग आत मुरतो म्हणजे तो पारदर्शक असतो, मागचं झाकू शकत नाही. म्हणून ह्या छपाईत पांढरी शाई नसते. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा हे चार रंग, सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये निळसर आणि किरमिजीच्या फिक्या छटा जास्तीच्या. पांढरं जे दिसतं ते पत्र्याचं स्वतःचं असतं. पांढऱ्या लेपाच्या पत्र्यावर फोटो फोटोसारखा येतो. चंदेरी पत्र्यावरचा लेप मात्र काचेसारखा स्वच्छ असतो आणि खालचं घासलेलं ॲल्युमिनियम त्यातून चमकतं. तिथे फोटोतलं पांढरं ते सगळं चंदेरी होतं. हे मी पहिल्या वर्षी एका मंडळाच्या बिल्ल्यांवर शिकलो. अध्यक्षांचा हसरा फोटो चंदेरी पत्र्यावर मारला. दात चांदीचे, डोळ्यांची बुबुळं सोडून बाकी डोळे चांदीचे. अध्यक्ष भला माणूस, बिल्ले घेतले, पण पुढच्या वर्षी फोटो नको, नुसतं नाव टाका म्हणाले.

आता प्रिंटर. कोणताही रंगीत प्रिंटर चालत नाही. इंकजेटचे, म्हणजे शाईचे थेंब उडवणाऱ्या प्रिंटरचे, मुख्य दोन प्रकार आहेत. एकात हेडामध्ये बारीकसा हीटर असतो, तो क्षणात शाई उकळतो, बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. कॅनन आणि एचपीचे बहुतेक घरगुती प्रिंटर ह्या जातीचे. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली, टोकातून शाई उडाली आणि तिथून ही कल्पना निघाली, असं सांगतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एप्सनमध्ये, हीटर नसतो. वीज दिली की किंचित वाकणारा स्फटिकासारखा पदार्थ असतो, पिएझो, तो पिचकारीसारखा शाईला ढकलतो. थेंब किती लहान? काही पिकोलिटर. लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक पिकोलिटर. धगीनेच उडणारा रंग उकळणाऱ्या हेडात भरायचा नाही, म्हणून सब्लिमेशनवाले पिएझोच वापरतात. ह्या कामासाठीच बनवलेले छोटे प्रिंटर कंपन्या विकतात. पण मुंबईत जास्त चालतात ते साधे टँकवाले एप्सन, ज्यांच्यात पहिल्या दिवसापासून सब्लिमेशनची शाई भरलेली असते. साधी शाई एकदा भरलेला टँक धुऊन ही शाई भरण्याच्या फंदात पडू नका. आणि हेही आधीच समजून घ्या की दुसरी शाई घातली की वॉरंटीचा हक्क गेला.

ही शाई ताकासारखी असते. रंग पाण्यात विरघळलेला नसतो, बारीक भुकटी पाण्यात तरंगत असते. ताक ठेवून दिलं की निवळी वर आणि साका खाली, तसं हिचंही होतं. हेडातल्या नोझलचं, म्हणजे शाई उडते त्या तोंडाचं, भोक केसाहून बारीक, त्यात साका बसला की छपाईत आडव्या रेषा येतात. दिवाळीला आठ दिवस गावी गेलो की परत आल्यावर पहिला दिवस हेड क्लीनिंगमध्ये जातो. आता शेजारच्या पोराला सांगून जातो, रोज एक रंगीत पान काढ. त्याची चित्रं छापली जातात आणि माझं हेड मोकळं राहतं.

छापून बाहेर आलेला कागद पाहिला की नवखा माणूस हबकतो. लाल रंग विटकरी, काळा राखाडी, सगळं उन्हात वाळलेल्या पोस्टरसारखं मळकट. मावशीने तर तोंडच वाकडं केलं. कागदावर रंग भुकटीच्या कणांच्या रूपात असतो. पत्र्यात मुरताना त्याचे रेणू सुटे होतात, तेव्हा खरा रंग खुलतो. म्हणून कागद बघून रंग ठरवायचा नसतो. कोणता मळकट कागद प्रेसनंतर कोणता लाल देतो ह्याचा हिशेब कॉम्प्युटरमधली प्रोफाइल नावाची फाइल ठेवते. शाई विकणाऱ्याकडून ती मागून घ्या. नसेल तर तो विकणारा सोडा.

कागदावर मजकूर आरशातला छापायचा, कारण पत्र्यावर तो उलटा होऊन उतरतो. इंग्रजी अक्षरं उलटी झाली तर कुणालाही कळतं. उलटी देवनागरी डोळ्यांना फसवते. वेलांटी दुसऱ्या बाजूला, रफार डावीकडे झुकलेला, आणि सगळं तसंही परकं दिसत असल्यामुळे चूक त्यात लपून जाते. एका घराच्या नावाची पाटी केली होती, 'आशीर्वाद'. गिऱ्हाईकाने मोबाइलवर पाठवलं 'आशिर्वाद', मी तसंच घेतलं, आरशात वाचलं, ठीक वाटलं, आणि पत्र्यात मुरवून टाकलं. घरात एक निवृत्त शिक्षिका होत्या. पाटी त्याच दिवशी परत आली. मुरलेला रंग काढायला काही उपाय नाही. ती पाटी आमच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे, येता-जाता दिसते. तेव्हापासून छापलेला कागद पालथा करून ट्यूबलाइटसमोर धरतो. मागून मजकूर सरळ दिसतो, आणि मग शेजाऱ्याकडून वाचून घेतो, स्वतः नाही. स्वतः टाइप केलेलं स्वतःला नेहमी बरोबरच दिसतं.

मावशीची पाटी मी तिच्यासमोरच केली. आठ इंच बाय चार इंच, पांढरा पत्रा, निळी अक्षरं, कोपऱ्यात जास्वंद. जुलैची दुपार होती, बाहेर धो धो. मुंबईच्या जुलैत हवा एवढी ओली की पापड डब्यातून काढले की मिनिटात सादळतात. कागदाचंही तसंच. ओला कागद दोनशे अंशांच्या प्रेसखाली गेला की त्यातल्या पाण्याची वाफ होते, रंगाची वाफ तिच्याबरोबर भरकटते, आणि अक्षरांच्या कडा फुटतात, मधे ढगासारखे डाग येतात. म्हणून आमचा कागद प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात असतो, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. छापल्यावरही तो पाचेक सेकंद प्रेसखाली, न दाबता, नुसता शेकून घेतो. परवा शेकताना मावशीने कागदावरून उठणारी वाफ बघितली आणि म्हणाली, "पोहे वाफवतोयस की काय?"

मग पत्र्यावरची पातळ प्लॅस्टिकची फिल्म काढली. ओरखडे पडू नयेत म्हणून ती लावलेली असते आणि इतकी पारदर्शक असते की आहे हे विसरायला होतं. विसरलात तर ती वितळून पत्र्याला चिकटते आणि पत्रा भंगारात. पत्रा मऊ फडक्याने पुसला. धुळीचा एक कण राहिला तरी तिथे पांढरा ठिपका उरतो, कारण कणाखाली रंग पोचत नाही. कागद छपाई वर करून ठेवला, त्यावर पत्रा तोंड खाली करून बसवला, उष्णता सोसणाऱ्या टेपने दोन बाजूंनी पक्का केला. टेप नसेल तर प्रेस उघडताना कागद केसभर सरकतो, वाफ अजून उठतच असते, आणि प्रत्येक अक्षराच्या बाजूला त्याची सावली उमटते. आमच्यात ह्याला डबल येणं म्हणतात.

सगळं उलटं करून, कागद वर घेऊन प्रेसमध्ये ठेवलं. खाली एक साधा कागद, वर बटर पेपर. वरचा बटर पेपर गाळू नका. रंगाची थोडी वाफ मागेही जाते आणि प्रेसच्या पाटीवर बसते, मग पुढच्या गिऱ्हाईकाच्या पाटीवर मागच्याचं जास्वंद हलकंच उगवतं. २०० अंश, ६५ सेकंद, दाब मध्यम. ॲल्युमिनियम धग फार लवकर घेतं, म्हणून एवढा वेळ पुरतो. चिनी मातीचा मग तापायला वेळ लावतो, त्याला १८० अंशांच्या आसपास तीनेक मिनिटं द्यावी लागतात. पत्रा जाड असेल तर सेकंद वाढवायचे. जास्त भाजलं तर काळा रंग तपकिरी पडतो आणि कडा पसरतात, कमी भाजलं तर सगळं फिकं. पहिल्या दोन-चार तुकड्यांवर वेळ बदलून बघणं आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला मार्करने तो लिहून ठेवणं, ह्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

घंटी वाजली. हातमोजे घालून पाटी बाहेर काढली, टेप एका बाजूने सोडली आणि कागद न सरकवता एका झटक्यात उचलला. मावशी "अगं बाई" म्हणाली, आणि हात पुढे केला. तो मी मधेच अडवला. लोखंड लाल होतं तेव्हा कळतं तरी. दोनशे अंशांचं ॲल्युमिनियम आणि फ्रिजमधलं ॲल्युमिनियम दिसायला सारखंच. पाटी कडप्प्याच्या लादीवर सपाट ठेवली, म्हणजे सगळीकडून सारखी निवते आणि वाकत नाही. निळा रंग असा आला होता की मघाचा मळकट कागद शेजारी ठेवला तर दोघांचा संबंध लागेना. उरलेला कागद मावशीने घडी घालून पर्समध्ये ठेवला. कशासाठी, ते विचारलं नाही.

हीट प्रेसबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आमचा पंधरा बाय पंधरा इंचाचा प्रेस जवळपास १८०० वॉट खातो. साधी, बिनवाफेची घरगुती इस्त्री साधारण हजार वॉटपर्यंत. २३० व्होल्टला १८०० वॉट म्हणजे पावणेआठ अँपिअर, आणि घरातलं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. चाळीतल्या जुन्या वायरिंगवर असलं यंत्र लावू नका. सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या आणि खिडकी उघडी ठेवा, वास आणि धूर दोन्ही असतात. दुसरी गोष्ट माझी स्वतःची. प्रेसच्या डिस्प्लेवर अंश सेल्सिअस आणि फॅरेनहाइट दोन्ही लागतात. साफसफाई करताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या चाळीस पट्ट्या मी २०० वर मारल्या. २०० फॅरेनहाइट म्हणजे जेमतेम ९३ सेल्सिअस. चहाचं पाणीही उकळत नाही त्यात. पट्ट्यांवर नावांच्या नुसत्या सावल्या. रात्री सगळ्या पुन्हा केल्या, त्या महिन्याची कमाई शाळेच्या नावे. इस्त्रीने होईल का, असंही लोक विचारतात. इस्त्री सगळीकडे सारखी तापत नाही, वाफेची असेल तर तिला भोकं असतात, आणि पाटीवर नेमका इस्त्रीचा आकार उमटतो. एकदा करून बघायला हरकत नाही, स्वतःच्या पत्र्यावर.

लेझर प्रिंटरवाल्यांचाही एक रस्ता आहे. त्यांचा टोनर म्हणजे रंगीत प्लॅस्टिकची भुकटी. खास कागदावर छापून ती प्रेसने पत्र्यावर चिकटवता येते. पण ती वर बसते, मुरत नाही, आणि नख लावलं की उत्तर मिळतं.

पत्रे घ्यायचे तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला किंवा धोबी तलावाच्या ट्रॉफीवाल्या दुकानांत विचारा. 'ॲल्युमिनियमचा पत्रा' असं मागू नका, 'सब्लिमेशनचा' म्हणा. लेझरने खोदायचे, स्क्रीन प्रिंटचे आणि आमचे चंदेरी पत्रे दिसायला जुळी भावंडं असतात. लेप डोळ्याला कळत नाही. मी पाकिटातला एक तुकडा घेतो, उरल्यासुरल्या छापील कागदाचा कोपरा त्यावर ठेवतो आणि प्रेस करतो. निवल्यावर ओल्या कापडाने घासतो. रंग राहिला तर माल खरा, पुसला गेला तर पाकीट परत. बऱ्याच पत्र्यांना लेप एकाच बाजूला असतो. फिल्म असलेली बाजू ती आपली.

आणि ऊन. ह्या धंद्यात सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे, कारण ती सांगितली की गिऱ्हाईक जातं. रंग पुसला जात नाही, पाण्याने जात नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाचे रेणूच तुटतात. ते लेपात कितीही खोल मुरलेले असोत, लेप पारदर्शक आहे, किरण आत पोचतातच. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गेटवरची पाटी फिकी होताना डोळ्यांदेखत दिसते. म्हणून बाहेरच्या पाटीला आम्ही नाही म्हणतो. जुन्या इमारतींवर निळ्या-पांढऱ्या इनॅमलच्या पाट्या अजून दिसतात. लोखंडी पत्र्यावर काचेची भुकटी लावून आठशे अंशांच्या आसपास भाजलेली असते, रंगही काचेतलाच, त्याला उन्हाचं काय. यंत्रांवरच्या डायलपट्ट्यांची आणखी वेगळी तऱ्हा. तिथे ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर वाढवतात, त्या थराला सूक्ष्म भोकं असतात, रंग त्यात भरतात आणि उकळत्या पाण्यात ती भोकं बंद करतात. म्हणजे तिथेही मुरणंच, फक्त पॉलिएस्टरऐवजी धातूच्या स्वतःच्या कातडीत. मोठे बोर्ड करणाऱ्यांकडे यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याचं, छपाईचं मशीन असतं. ते पांढरी शाईही मारतं आणि दिव्याखाली लगेच सुकवतं, पण शाई वर बसते, हाताला कड लागते.

मावशीची पाटी बाविसाव्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या बंद लॉबीत लागणार. ऊन नाही, पाऊस नाही, घाबरायचं कारण नाही. स्क्रूची भोकं मी इथेच पाडून दिली. पत्रा लाकडाच्या फळीवर ठेवून, छापील बाजू वर, ड्रिलखाली टेप लावून. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "तशीच एक छोटी दे की खाली पत्रपेटीला." पेटी कुठे आहे, विचारलं. गेटपाशी, पश्चिमेच्या भिंतीला, म्हणाली. म्हटलं, तिला खोदलेली घे, पितळेची. पत्ता देतो.